धाकट्याचा गेमबॉय उघडला तेव्हा



आषाढातल्या अष्टान्हिकेच्या आधी आमच्याकडे माळा उतरवायचा कार्यक्रम असतो. एकदा चातुर्मास लागला की ट्रंका ओढणं, कपाटं हलवणं बंद. पावसात कुठल्या सांदीकोपऱ्यात कोणता जीव आसऱ्याला बसला असेल, सांगता येत नाही. म्हणून त्याआधीच सगळं उघडायचं, मऊ कुंच्यानं झाडायचं आणि नको असेल ते देऊन टाकायचं. परिग्रहाचं परिमाण मी दहा वर्षांपूर्वी घेतलं. त्यात साड्या मोजल्या, भांडी मोजली, दागिने मोजले. माळ्यावरचं मात्र मोजलं नव्हतं. ‘ते मुलांचं आहे’ असं स्वतःलाच सांगून मोकळी झाले होते. तुमच्यापैकी किती जणींचं असं झालंय, मनातल्या मनात सांगा.

या वर्षी बिस्किटांच्या एका पत्र्याच्या डब्यात धाकट्याचा गेमबॉय सापडला. जांभळा, आरपार दिसणारा. आतली हिरवी पट्टी बाहेरूनच दिसते. माझ्या दिरांनी 2000 साली शारजाहून आणला होता. धाकटा तेव्हा आठ वर्षांचा. आज तो बंगळुरूला नोकरी करतो, त्याची मुलगी सहा वर्षांची आहे.

डबा हातात घेतला आणि पोटात काहीतरी हललं. कारण हा गेमबॉय त्या डब्यात मी स्वतः टाकला होता, 2002 साली, दशलक्षण पर्वात, पाचव्या दिवशी. पाचवा दिवस उत्तम सत्याचा.

झालं होतं असं. त्याचं ‘ए’ नावाचं बटण चालेनासं झालं. या खेळात एक मिशीवाला माणूस धावत असतो, त्याला मारिओ म्हणतात. ‘बी’ दाबलं की तो जोरात पळतो आणि ‘ए’ दाबलं की उडी मारतो. उडीच बंद झाली तर खेळात उरतं काय? धाकटा आठवडाभर मागे लागला होता, म्हणून मी तो बाजारातल्या एका दुरुस्तीवाल्याकडे नेला. त्यानं मागचे स्क्रू पाहिले, एक स्क्रूड्रायव्हर लावून थोडं झटापट केलं आणि परत देऊन म्हणाला, “वहिनी, पोरानं आपटलाय. आतलं तुटलं. फेकून द्या.”

मी घरी येऊन विचारलं, “आपटलास?” तो म्हणाला, “नाही.” पुन्हा विचारलं, पुन्हा “नाही.” चुलतभावाकडे नवा, मोठ्या पडद्याचा आला होता. तो मिळावा म्हणून यानं हा मुद्दाम मोडला, हे माझ्या डोक्यात पक्कं बसलं. सत्याच्या दिवशी पोटचा पोर खोटं बोलतोय, याचा संताप जास्त होता. एक थोबाडीत दिली. आणि संध्याकाळी बस्तीत मुलांचं भरत-बाहुबलीचं नाटक होतं, त्यात तो भरत होता, त्याला पाठवलं नाही. पुठ्ठ्याला चांदीचा कागद चिकटवून त्यानं स्वतः चक्र केलं होतं. ते चक्र दुसऱ्या मुलानं नेलं. “खरं सांगितलंस की जा,” असं मी म्हणत राहिले आणि तो भिंतीकडे तोंड करून बसून राहिला.

हे सगळं डबा उघडल्या उघडल्या आठवलं, असं मी म्हणणार नाही. पहिल्यांदा आठवला तो वास. आत घातलेले पेन्सिल सेल मी तसेच ठेवले होते. 23 वर्षांत ते फुटून, पाझरून, स्प्रिंगांवर पांढरट-हिरवा थर जमला होता. म्हणजे मुलानं बिघडवला की नाही ते बाजूला राहू दे, मी तर नक्कीच बिघडवला होता.

आता कामाचं सांगते. हे रिमोटलाही लागू आहे, म्हणून कंटाळू नका.

सेल पाझरलेले असतील तर आधी कोरड्या जुन्या टूथब्रशनं थर झाडून घ्यायचा, हातात रबरी मोजे घालून. मग सेल कोणते होते ते पाहायचं. साधे, स्वस्तातले झिंक-कार्बनचे असतील तर त्यांचा स्राव आम्लासारखा असतो, त्याला खाण्याच्या सोड्याची पातळ पेस्ट. अल्कलाईन असतील तर उलट, तो क्षार असतो, त्याला कापसाच्या काडीवर लिंबाचा रस. लोक व्हिनेगर सांगतात, पण आपल्याकडे व्हिनेगर आणतं कोण! लिंबानं काम होतं. आमचे साधे सेल होते, म्हणून सोडा. नंतर किंचित ओल्या फडक्यानं पुसून, पूर्ण वाळवून, स्प्रिंग बारीक सँडपेपरनं हलकेच घासली. नवे सेल घातले. बाजूचं बटण सरकवलं. रंगीत अक्षरं आली, ‘टिंग’ वाजलं. अक्का, म्हणजे आमच्या सासूबाई, पलीकडच्या खोलीतून म्हणाल्या, “कोण आलंय गं?”

मिशीवाला आला, पळाला, आणि पहिल्याच खड्ड्यात पडला. उडी नव्हतीच.

तिथेच थांबले असते तर हा लेख झाला नसता. पण मला ते “आतलं तुटलं” पाहायचं होतं. त्याच्या पाठीला सहा स्क्रू आहेत, चार बाहेर आणि दोन सेलच्या खणात. साध्या स्क्रूच्या डोक्यावर अधिकचं चिन्ह असतं. याच्या डोक्यावर तीन पाकळ्या होत्या, मर्सिडीज गाडीच्या चिन्हासारख्या. त्याला ट्राय-विंग म्हणतात आणि त्याला त्याचाच स्क्रूड्रायव्हर लागतो. एका स्क्रूच्या पाकळ्या भुगा झालेल्या होत्या. बाकी पाच कोरेकरकरीत, कुणीही हात न लावलेले. ते बघून मी खाली बसले. त्या दुरुस्तीवाल्यानं तो कधी उघडलाच नव्हता. त्याच्याकडे तो स्क्रूड्रायव्हरच नव्हता. आत काय आहे ते न पाहता त्यानं सांगितलं, आणि न पाहता मी ऐकलं. त्याला कशाला बोलू? तो एक वाक्य बोलून मोकळा झाला होता. पुढचं सगळं माझं.

स्क्रूड्रायव्हर मागवला. दुरुस्तीच्या नावाखाली घरात आणखी एक वस्तू आली, हेही खरं. अक्कांनी तेवढं बोलून घेतलंच.

उघडण्याआधी एक सांगते. मुनिराजांच्या पाच समितींमध्ये आदान-निक्षेपण समिती आहे. वस्तू उचलताना आणि ठेवताना पाहून, जपून उचलायची, ठेवायची. आपल्याला ती पाळता येत नाही, पण इतक्या वर्षांच्या बंद वस्तूला तो नियम लावून बघा. मी पांढरा पंचा अंथरला, चांगला उजेड घेतला, मेकअपच्या मऊ ब्रशनं फटी झाडल्या. बरं झालं. सेलच्या खणाच्या कडेला एक इवलीशी चंदेरी कसर होती, जिवंत. तिला कागदावर घेऊन बाहेर कुंडीपाशी सोडलं. पंच्यावर प्रत्येक स्क्रू ज्या जागेवरून निघाला त्याच जागी मांडत गेले. भुगा झालेला स्क्रू काही केल्या निघेना. शेवटी रबर बँडचा तुकडा मध्ये ठेवून दाबून फिरवला, तेव्हा हलला.

मागचा भाग निघाला की हिरवी पट्टी समोर येते. पडद्याकडून आलेली एक कागदासारखी पातळ केबल तिच्यावर खोचलेली असते. तिच्या खाचेच्या दोन्ही टोकांना नखानं अलगद वर करायचं, मग ती आपोआप सुटते. ओढायची नाही! पट्टीला तीन साधे स्क्रू आहेत, ते काढले की पट्टी उचलता येते. स्पीकरच्या दोन बारीक तारा तिला जोडलेल्या असतात, त्यांना ताण देऊ नका. आणि वरच्या कडेचा एक काळा काचेसारखा तुकडा टुपकन पडतो, तो घाबरवतो. मोडलेलं काही नसतं, तो तसाच सुटा बसवलेला असतो.

पट्टीखाली बटणं, आणि बटणांखाली राखाडी रबराचे तुकडे. एक अधिकच्या आकाराच्या बटणाचा, एक ‘ए-बी’चा, एक खालच्या दोन लहान बटणांचा. (ते अधिकच्या आकाराचं बटण गुनपेई योकोई नावाच्या जपानी अभियंत्यानं काढलं, ते पहिल्यांदा 1982 च्या एका खेळात आलं. गेमबॉय 1989 चा, तोही त्यांच्याच हाताखालचा. हा रंगीत गेमबॉय 1998 मध्ये आला, तो पाहायला ते नव्हते, 1997 मध्येच गेले. नातीच्या हातातल्या रिमोटवर ते चिन्ह दिसलं की आता मला ते आठवतात.)

रबराला प्रत्येक बटणाखाली एक फुगवटा असतो, छोट्या इडलीसारखा. इडलीच्या आत काळी टिकली असते, कार्बनची. तिच्या समोर पट्टीवर दोन रेषा असतात, दोन कंगव्यांचे दात एकमेकांत घालावेत तशा, पण एकमेकींना न टेकणाऱ्या. बटण दाबलं की टिकली दोन्ही कंगव्यांना टेकते, वीज वाहते, मिशीवाला उडी मारतो. बोट काढलं की इडली पुन्हा फुगते. बस्स. टीव्हीच्या रिमोटमध्ये हेच, मोठ्या गणकयंत्रातही हेच.

मी ‘बी’ची टिकली पाहिली. काळी, मंद, कडा रेखीव. मग ‘ए’ची. चकचकीत, राखाडी पडलेली, मधोमध कार्बन गेलेला. आणि त्या इडलीची मान एका बाजूनं चिरलेली, ब्लाउज काखेत विरतो तशी. वापरून वापरून. आपटून असं होत नाही. आपटलं असतं तर कोपरा चेपला असता, आतले स्क्रूचे खांब तुटले असते, पट्टीला तडा गेला असता, पडद्यावर रेघा आल्या असत्या. मी भिंग घेऊन सगळं पाहिलं. चारही कोपरे शाबूत. खांब शाबूत. पट्टी शाबूत.

दहा वर्षांचं पोर खरं बोलत होतं.

त्या दिवशी पुढे काही केलं नाही. पंचा तसाच वरून दुसऱ्या फडक्यानं झाकून ठेवला आणि कुकर लावला.

दुसऱ्या दिवशी साफसफाई केली. प्लॅस्टिकची बटणं आणि कवच कोमट पाण्यात, भांड्यांच्या सौम्य साबणानं. रबरही तसंच, पण टिकल्या घासायच्या नाहीत. पट्टीवरचे कंगवे आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या कापसाच्या काडीनं पुसले. ते 99 टक्क्यांचं संगणकाच्या सुट्या भागांच्या दुकानात मिळतं. बाटलीवरचं नाव वाचून अक्का म्हणाल्या, “आता एवढंच राहिलं होतं घरात यायचं.” पिण्याचं नाही, विष आहे, असं सांगितल्यावर म्हणाल्या, “मग दोन्हीत फरक काय?” पट्टीवर सँडपेपर मात्र चुकूनही लावू नका, वरचा लेप निघून जातो. पावसाळी हवा होती, सगळं पंख्याखाली पूर्ण दिवस वाळवलं.

पुतणीची चित्रकलेची 6बी पेन्सिल आणली आणि ‘ए’च्या टिकलीवर ग्राफाइट गिरवलं. हा जुना उपाय आहे. चालतो, पण टिकत नाही. चार दिवस उडी आली, पाचव्या दिवशी बंद. शिवाय मान चिरलेली असली की बटण वर यायला आळस करतं, त्याला पेन्सिल काय करणार? अॅल्युमिनियमच्या फॉइलचा तुकडा चिकटवा असंही कुणी सांगेल, तो सुटून पट्टीवर फिरला तर नसतं दुखणं. रिमोटसाठी पेन्सिल ठीक आहे. याच्यासाठी नवीन रबराचा संच मिळतो, तोच घ्यावा. साध्या कॉटनच्या साडीपेक्षा कमी पैशांत येतो. श्रावणात तो आला. बसवताना फार विचार करावा लागत नाही, ‘ए’ आणि ‘बी’च्या बटणांना खाली वेगवेगळ्या खाचा असतात, चुकीच्या जागी ती बसतच नाहीत. फक्त चालू-बंदची सरकपट्टी आतल्या दांडीवर नीट आली का ते पाहायचं आणि स्क्रू आवळताना जोर करायचा नाही. हाताला अडला की थांबायचं.

उडी आली. टुण्‌ टुण्‌ टुण्‌. मी एकटी स्वयंपाकघराच्या ओट्यापाशी उभी राहून उड्या मारत होते.

आणि मैत्रिणींनो, त्यानंतर दीड महिना मी धाकट्याला काहीही सांगितलं नाही. हे लिहायला लाज वाटते, पण लिहिते. रोज फोन होत होता. नातीचा खोकला, तिकडची वाहतूक, बाईनं सुट्टी घेतली, सगळं बोलत होतो. जिभेवर यायचं आणि मी म्हणायची, इतक्या वर्षांनी काय उकरून काढायचं, तो विसरलाही असेल.

दशलक्षण आलं. पाचव्या दिवशी सत्यावर प्रवचन. सकाळी तत्त्वार्थसूत्राचा पाचवा अध्याय, अजीवाचा. पुद्गल म्हणजे जे जुळतं आणि गळतं, असा शब्दाचा अर्थ सांगतात. मला समोर ती चकचकीत टिकलीच दिसायला लागली. प्रवचनात माताजींनी एक शब्द सांगितला, अभ्याख्यान. दुसऱ्यावर खोटा आळ घेणं. शास्त्रात त्याला स्वतंत्र नाव आहे, हे मी पूर्वीही ऐकलं असणार. पण तोवर मला वाटायचं, आळ घेणारा मनात जाणून असतो की आपण खोटं बोलतोय. मी तर खरंच समजत होते! सत्याच्या बाजूनं उभी राहून आळ घेतला होता. शेजारच्या काकूंनी हातात लवंग दिली तेव्हा कळलं की मी डोळे पुसतेय.

क्षमावाणीच्या दिवशी नेहमीप्रमाणे सकाळी मोबाईलवर सगळ्यांना पाठवलं. कमळाचं चित्र, ‘जाणता-अजाणता’, हात जोडलेले. धाकट्यालाही तेच गेलं. त्याच्याकडूनही तसंच एक आलं, दुसऱ्या कमळाचं. ‘जाणता-अजाणता’ हा शब्द किती सोयीचा आहे बघा. त्यात सगळं येतं आणि काहीच येत नाही.

संध्याकाळचं जेवण सूर्यास्ताआधी आटोपलं आणि फोन लावला.

“बाळ, 2002 साली मी तुला आपटलास म्हणून मारलं होतं. तू आपटला नव्हतास. बटणाखालचं रबर झिजलं होतं. मी उघडून पाहिलं. मला क्षमा कर.”

पलीकडे काहीच नाही. मला वाटलं फोन कट झाला.

मग म्हणाला, “उघडलास कसा? त्याला वेगळा स्क्रूड्रायव्हर लागतो.”

“मागवला.”

“तू?”

“हो. आणि रबर पण.”

तो हसला. मग बराच वेळ थांबला. म्हणाला, “आई, मारलंस त्याचं काही नव्हतं गं. नाटकाचंही चार दिवसांत विसरलो. पण त्यानंतर काही बिघडलं की तुला सांगायचं नाही, हे माझं ठरून गेलं.”

इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षी त्याचे दोन विषय राहिले होते. ते मला त्याच्या मित्राच्या आईकडून कळलं होतं, वर्षभरानंतर, एका लग्नात पंक्तीत वाढताना. तेव्हा मी घरी येऊन ह्यांना म्हटलं होतं, हा मुलगा लहानपणापासूनच लपवाछपवी करतो.

मी काही बोलू शकले नाही. त्यानंच विषय बदलला. “‘ए’च गेलं असणार,” म्हणाला. “मी ते जरा जास्तच दाबायचो. अक्काचा नियम होता ना.”

हे मला माहीतच नव्हतं. फोन स्पीकरवर टाकून अक्कांना बोलावलं. अक्का आता शहाऐंशीच्या, पण त्यांना सगळं आठवत होतं. खेळ आला तेव्हा त्यांनी नातवाशेजारी बसून तो नीट पाहिला होता. मिशीवाला कासवांच्या पाठीवर उड्या मारून त्यांना उडवतो, हे त्यांना खपलं नाही. धाकटा म्हणाला, खोटी कासवं आहेत, चित्रातली. तेव्हा अक्कांनी त्याला यशोधर राजाची गोष्ट सांगितली. आईच्या आग्रहावरून राजानं जिवंत कोंबडा न मारता पिठाचा कोंबडा बळी दिला, तरी मारण्याचा भाव झाला म्हणून मायलेकांना किती जन्म पशुयोनीत फिरावं लागलं. आपल्या या भागात ही गोष्ट फार जुनी आहे. कन्नडमध्ये जन्न कवीनं ती 1209 साली काव्यात लिहिली. मी मात्र घरातल्या घरात ती कुणी कुणाला सांगितली, याची दखल घेतली नव्हती.

मग आजी-नातवाचा तह झाला. खेळायचं, पण कासवावर उडी मारायची नाही, वरून पलीकडे जायचं. चुकून पडलास तर णमोकार म्हणायचा. अक्कांची दुसरी तक्रार होती की हा माणूस अळंबी खाऊन मोठा होतो. त्यावर धाकट्यानं मान्य केलं होतं की अळंबीही वगळेन. अशानं खेळ भलताच अवघड झाला असणार. लहानच राहायचं, कुणाला मारायचं नाही आणि प्रत्येकाच्या डोक्यावरून उडी. एवढ्या उड्या म्हटल्यावर ते रबर टिकणार किती?

“आणि शेवटचा राक्षस गं?” धाकट्यानं विचारलं. “कुऱ्हाडीला हात लावला की पूल तुटतो आणि तो आगीत पडतो. तिथे अक्कानं काय निकाल दिला होता?”

अक्का फोनकडे वाकून म्हणाल्या, “तो त्याच्या कर्मानं पडतो.”

“बघ,” धाकटा म्हणाला, “पूल मी तोडायचो आणि कर्म त्याचं!”

अक्का म्हणाल्या, “तू लहान होतास, म्हणून सोडलं.”

वीर निर्वाणाला, दिवाळीत, सगळे आले. निर्वाण लाडू झाला, पूजा झाली, दुपारी मी डबा काढला. धाकट्यानं गेमबॉय हातात घेऊन आधी पाठ पाहिली, तो भुगा झालेला स्क्रू बोटानं चाचपला. मग चालू केला. जुने आकडे गेले होते. ते लक्षात ठेवायला त्या खेळाच्या पेटीत नाण्याएवढा सेल असतो, तो केव्हाच संपला होता. तो बदलायला डाग द्यावा लागतो, ते मला येत नाही. “राहू दे,” तो म्हणाला. ‘ए’ चार-पाच वेळा दाबून पाहिलं, माझ्याकडे बघून मान हलवली आणि तो लेकीच्या हातात दिला.

तिला कुणी काही सांगितलं नव्हतं. कासव येईपर्यंत ती बरी खेळली. कासव आलं आणि तिनं त्याच्या पाठीवर धपकन उडी मारली, ते कवचात गेलं, आणि ही टाळ्या पिटत ओरडली, “आजी, बघ!”

धाकट्यानं माझ्याकडे पाहिलं. मी अक्कांकडे पाहिलं. अक्कांनी चष्मा काढला आणि पदरानं पुसायला घेतला, आणि बराच वेळ पुसत राहिल्या.